सागवानी माडीची जमीन: घासायची किती, वर लावायचं काय, आणि हे काम दिवाळीनंतरच का

जुन्या घराची दुरुस्ती काढली की खानदेशात एक सल्ला हमखास मिळतो: "माडीवर टाइल्स टाकून घ्या, कटकट मिटेल." सल्ला देणारा गवंडी असो की पाहुणा, त्याच्या डोळ्यांसमोर खालच्या मजल्याची जमीन असते. माडी लाकडावर उभी आहे हे तो विसरतो. बारा बाय बाराची एक खोली धरा. दोन इंच सिमेंट-वाळूच्या मालाचा थर आणि वर टाइल्स म्हटलं तर त्या एका खोलीवर सोळाशे किलोच्या आसपास नवं वजन चढतं. माणसं, कपाट, दिवाण हे सगळं त्याच्या वर. तुळया शंभर वर्षांपूर्वी घातल्या तेव्हा हा हिशेब कुणी केलेला नव्हता. शिवाय ओला माल फळ्यांवर बसला की लाकूड दोन्ही बाजूंनी सुकण्याची वाट बंद होते आणि खाली वाळवी लागली तरी दिसत नाही. दिसते तेव्हा टाइल खचलेली असते.

फळ्या चांगल्या असतील तर त्याच घासून, वर तेल किंवा पॉलिश चढवून वापरात ठेवणं स्वस्त पडेलच असं नाही, पण शहाणपणाचं आहे. मात्र या कामाचं शास्त्र समजून घ्यायला हवं, कारण बिघडतं ते इथेच. पॉलिशवाला दारं-खिडक्यांच्या सवयीने जमिनीला हात घालतो. दारावरून कुणी चालत नाही.

सुरुवात तुमची माडी कोणत्या प्रकारची आहे ते पाहण्यापासून. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या जुन्या घरांत दोन तऱ्हा सापडतात. पहिली कडीपाटाची: तुळयांवर कड्या, म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर माती-मुरुमाचा थर आणि त्यावर सारवण किंवा शहाबादी फरशी. इथे फळी ही खालच्या खोलीचं छत म्हणून घातलेली असते. तिची खालची बाजू रंधा मारून साफ केलेली, वरची बाजू करवतीतून निघाली तशीच, जाडीही कमीजास्त. माती उकरून या फळ्या उघड्या करायचा मोह बऱ्याच जणांना होतो. मी तरी नको म्हणेन. तो मातीचा थर आवाज अडवतो, धूळ खाली पडू देत नाही आणि मे महिन्यात उष्णता थोपवतो. अशा घरात खालून दिसणारा कडीपाट साफ करावा आणि वर सारवण किंवा फरशी राहू द्यावी.

दुसऱ्या तऱ्हेत फळी हीच चालायची जमीन. फळीला फळी भिडवून कड्यांवर खिळ्यांनी ठोकलेली, वर काही नाही. पुढचं सगळं या जमिनीबद्दल आहे. फळ्या बहुधा सागाच्या असतात. सातपुड्याचं आणि डांगचं जंगल जवळ, आणि सुरतेहून नवापूर, नंदुरबार, अमळनेर, जळगाव करत येणारी तापी खोऱ्यातली रेल्वे, त्यामुळे चांगलं सागवान या भागाला कधी परकं नव्हतं.

आता लाकडाचा स्वभाव. लाकूड म्हणजे कडब्याची घट्ट बांधलेली पेंढी समजा, उभ्या नळ्याच नळ्या. हवेतला ओलावा शोषला की नळ्या फुगतात त्या जाडीत, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून फळी रुंदीला वाढते आणि आक्रसते, लांबीला नाही. साग हे त्यातल्या त्यात शांत लाकूड आहे, तरीही खानदेशची हवा त्याला स्वस्थ बसू देत नाही. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडीठाक असते. ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब. लाकडातल्या पाण्याचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांनी जरी बदललं तरी आठ इंच रुंदीची फळी दोन मिलिमीटरच्या आसपास हलते. खोलीत अशा पंधरा-अठरा फळ्या असतात.

यातून दोन गोष्टी निघतात. मे महिन्यात फळ्यांच्या फटी बघून घाबरू नका, आणि त्या फटी मे महिन्यात घट्ट भरूही नका. भरल्या तर पावसाळ्यात फुगलेल्या फळ्यांना जागा उरत नाही आणि त्या कडेने वर उचलतात. उलट ऐन पावसाळ्यात जमीन सपाट घासली तर उन्हाळ्यात फळी सुकून तिचा मध्यभाग किंवा कडा वेगळ्या पातळीला येतात. म्हणून पाहणी मे महिन्यात करा, कारण तेव्हा सगळ्यात मोठी फट दिसते. घासणं आणि पॉलिश दिवाळीनंतर, फेब्रुवारीच्या आत. लाकूड तेव्हा मधल्या अवस्थेत असतं, हवा कोरडी पण भाजणारी नाही, आणि ओल्या थरावर वावटळीची माती येऊन बसत नाही.

पाहणी म्हणजे नुसतं वरून बघणं नव्हे. स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन फळी-फळीवर ठोकत जा. भरीव लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं बद्द वाजतं. तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. गळकं कौल किंवा फुटका पन्हाळ त्या भिंतीवर असेल तर लाकूड तिथेच कुजतं. टोक सहज रुतलं तर पॉलिशचा विषय थांबवा आणि इंजिनिअरला बोलवा. फळीखाली मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, पिठासारखा भुसा पडत असेल तर लाकूड पोखरणारा भुंगा. सागाचा तांबूस-तपकिरी गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, कारण त्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं. पण सालीकडच्या फिकट पट्ट्याला हे संरक्षण नाही. "सागवान आहे, काही होत नाही" असं म्हणणाऱ्याच्या फळीची एकच कड खाल्लेली निघते ती यामुळे.

फळीची जाडी कळण्यासाठी जिन्याच्या तोंडाशी जा. तिथे फळीची कड उघडी असते, टेप लावून मोजता येते. पूर्ण घासणीत साधारण एक ते दीड मिलिमीटर लाकूड जातं. सव्वा इंची फळीला ते सोसतं. पण पायवाटेच्या जागी, म्हणजे दारापासून जिन्यापर्यंत, फळी आधीच झिजलेली असते आणि ती झीज "लेव्हलला आणायची" म्हणून मिस्तरी सगळी खोली तितकी खाली नेतो. हे करू देऊ नका. जुन्या जमिनीचा हलका खोलगटपणा राहू द्यावा. अहिराणी बोलणारा एखादा जुना सुतार भेटला तर तोही हेच बजावेल: "जपीसन घासा भाऊ, हाई लाकूड आते भेटत नही." आणि ते खरंच आहे, तेवढ्या रुंदीची, तेवढ्या वयाच्या झाडाची फळी वखारीत मागून पाहा.

घासण्याआधी जमिनीवर सध्या काय आहे ते ओळखायचं. साधन म्हणजे कापसाचे तीन बोळे आणि कपाटाखालची एखादी कोपऱ्यातली फळी. पहिला बोळा पॉलिशच्या स्पिरिटमध्ये भिजवून मिनिटभर एका जागी धरा. खालचा थर चिकट होऊन बोळ्याला तपकिरी रंग लागला तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही तर शेजारी दुसरा बोळा थिनरचा. थर सुरकुतला किंवा मऊ पडला तर लॅकर. दोन्हींना दाद न देणारा, नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघणारा थर असेल तर तो पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ऑइलपेंटच्या जातीचा. तिसरा बोळा टर्पेंटाइनचा. पांढऱ्या कापसावर पिवळट मळ आला तर मेण आहे. मेण असलेल्या लाकडावर वरचा कोणताही थर धरत नाही, म्हणून ते आधी टर्पेंटाइनने पुसून काढावं लागतं.

खेड्यातल्या घरांत आणखी एक शक्यता असते आणि ती सगळ्यात त्रासदायक: जळकं ऑइल. वाळवीवरचा उपाय म्हणून ट्रॅक्टरचं काळं ऑइल तुळया-फळ्यांना फासण्याची पद्धत जुनी. ते नळ्यांत खोल मुरतं. अशा फळीवर पीयू लावला तर काही महिन्यांत सोलून निघतो. वरवर घासून हे जात नाही. तिथे गडद रंग मान्य करून तेलाचाच मार्ग धरावा, नाहीतर तेवढ्या फळ्या बदलाव्यात.

आणि रंग. फळ्यांवर किंवा खांबांवर जुना ऑइलपेंट असेल, विशेषतः हिरवा, पिवळा, शेंदरी, तर त्यात शिसं आहे असं धरूनच चला. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्षात ९० भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि अंमल २०१७ च्या नोव्हेंबरपासून. तुमच्या घरी लागलेल्या त्याआधीच्या डब्यात किती शिसं होतं ते नुसतं बघून कळत नाही. असा रंग कोरडा घासला की शिशाची भुकटी घरभर होते आणि ब्लोलँपने जाळला की वाफेतून छातीत जाते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. म्हणून रंग ओला करून किंवा रंग काढायचं रसायन लावून पत्र्याने खरवडायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, काम चालू असेपर्यंत मुलं आणि गरोदर बाई यांनी त्या घरात राहायचं नाही, आणि शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने टिपायचं.

आता घासणी. पहिलं काम खिळ्यांचं. प्रत्येक खिळ्याचं डोकं सुंब्याने, म्हणजे खिळा आत दाबायच्या पोलादी खुंटीने, दोन-तीन मिलिमीटर आत बसवा; एक जरी वर राहिलं तर मशीनचा कागद टर्रकन फाटतो आणि ठिणगी उडते ती वेगळीच. खिळ्याभोवतीचे काळे डाग म्हणजे मळ नव्हे. लोखंड, ओलावा आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संयोगाने ते होतात, आणि घासून ते काढायचे तर खड्डा पडेल. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने ते फिके पडतात. मोझॅक फरशी पॉलिश करणाऱ्यांकडे ही पांढरी पूड असतेच. ती विषारी आहे, हातमोजे हवेत, आणि डाग गेल्यावर तीनदा स्वच्छ पाण्याने टिपून पूर्ण वाळू द्यायचं, कारण राहिलेली पूड पुढच्या घासणीत नाकात जाते.

परदेशात यासाठी रोडरोलरच्या जातीची मोठी ड्रम मशीन मिळते. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावीही ती भाड्याने मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी नवख्या हातात देऊ नये; एका जागी क्षणभर थांबली की खळगा पाडते. बेल्टची मशीन आणि कडांना गोल फिरणारी छोटी ऑर्बिटल, एवढ्यावर खोली नीट होते, फक्त वेळ लागतो. एका हत्याराला मात्र दारातच अडवा: ग्राइंडरला खरखरीत चकती लावून आलेला माणूस. तो अर्ध्या दिवसात खोली संपवतो आणि चंद्रकोरीसारखे ओरखडे कायमचे ठेवून जातो.

कागदाचा नंबर जितका मोठा तितके दाणे बारीक. जमीन फार खराब असेल तर ४० पासून, बरी असेल तर ६० पासून सुरू करा, मग ८०, मग १२०. प्रत्येक नंबरचं काम एकच, आधीच्या नंबरने पाडलेले ओरखडे पुसणं. मिस्तरी वेळ वाचवायला ४० वरून थेट १२० वर उडी मारतो. तेव्हा जमीन गुळगुळीत लागते, हाताला काही कळत नाही. ओरखडे दिसतात ते पॉलिश चढल्यावर, आणि मग सगळं परत. हे आधी पकडायचं असेल तर संध्याकाळी खोलीतला दिवा बंद करून टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा. प्रकाश जमिनीलगत सरकला की प्रत्येक ओरखड्याची आणि खळग्याची सावली पडते. मिस्तरीला शेजारी बसवून दाखवा. वाद होत नाही.

मशीन लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवायची. १२० च्या पुढे जाण्याचा हट्ट नको, फार गुळगुळीत लाकडात तेल कमी मुरतं. नाकावर रुमाल नव्हे, एन-९५ मास्क. लाकडाची भुकटी कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कधीच नोंदवली आहे, आणि सागाच्या भुकटीने तर अनेकांच्या अंगाला खाजही सुटते.

फटींचं काय? फेविकॉल आणि भुसा कालवून लांबीसारखं, म्हणजे पुट्टीसारखं, भरणं हा आवडता उपाय. बारीक भेगांना आणि खिळ्यांच्या खड्ड्यांना तो चालतो. दोन फळ्यांमधल्या हलत्या फटीत मात्र तो पहिल्या वर्षीच तडकून खाली पडतो, बहुधा खालच्या खोलीत जेवणाच्या ताटात. रुंद फटीत सागाचीच बारीक पट्टी तासून बसवा आणि सरस एकाच बाजूला लावा, म्हणजे दुसरी फळी मोकळी राहते. मध्यम फटीत सुती दोर ठासून बसवला तर तो फळीबरोबर दबतो आणि सुटतो. केसाएवढ्या फटी आहेत तशा असू द्या.

वर काय लावायचं, यावर दुकानदाराला विचाराल तर उत्तर एकच येईल: पीयू. तो वाईट नाही, पण एकमेव नाही.

जवसाचं तेल लाकडात मुरतं आणि हवेतला प्राणवायू घेऊन आत घट्ट होतं. कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं ते बॉइल्ड जवसाचं तेल लवकर वाळतं. वर पापुद्रा नसतो, त्यामुळे सोलण्याचा प्रश्नच नाही. घासटलं तर तेवढ्याच जागी पुन्हा तेल चोळता येतं. उणीव ही की पाण्यापासून संरक्षण बेताचं आणि दरवर्षी एक हात मारावा लागतो. लावताना भरपूर लावून पंधरा-वीस मिनिटांनी वरचं सगळं पुसून घ्यायचं. राहिलं तर चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ.

चपडा म्हणजे लाखेच्या किड्याचा राळेसारखा पाझर. सातपुड्यातल्या पळसावर हा किडा वाढतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा मिनिटांत वाळतो, रंग उबदार येतो. पण गरम चहाची किटली ठेवली की मऊ पडतो, पाणी साचलं की पांढरं कडं उमटतं. देवघराच्या पाटाला तो शोभतो, रोजच्या चालण्याला नाही. त्याचा एक वेगळा उपयोग आहे, तो पुढे.

पीयू म्हणजे लाकडावरचा पारदर्शक, कडक थर. पाणी, चहा, मुलांची सायकल सगळं सोसतो. पण ओरखडा खोल गेला तर ठिगळ दिसतं, आणि ती पूर्ण फळी घासून परत करावी लागते. सागावर आणखी एक अडचण येते. ज्या तेलकट द्रव्यांमुळे साग टिकतो, तीच द्रव्यं एका डब्यातल्या तेलयुक्त पीयूचं वाळणं रोखतात. चार दिवस झाले तरी पाय चिकटतो, मग मिस्तरी मालाला दोष देतो आणि दुकानदार मिस्तरीला. उपाय सोपा आहे: थर देण्याच्या जरा आधी लाकूड थिनरने पुसून घ्या, किंवा मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात आधी द्या, तो सागाच्या तेलाला खालीच अडवतो. साध्या चपड्यात मेण असतं, त्यावर पीयू धरत नाही, म्हणून दुकानात ते विचारून घ्या. दोन डबे मिसळून वापरायच्या पीयूला ही तक्रार फारशी नसते. पण त्याच्या हार्डनरमधली आयसोसायनेट वाफ दम्यासारखा त्रास लावू शकते आणि धुळीचा मास्क ती अडवत नाही. कोळशाच्या फिल्टरचा मास्क आणि उघड्या खिडक्या नसतील तर तो मिस्तरी कितीही म्हणाला तरी लावू देऊ नका.

माझा कल विचाराल तर फारशी वर्दळ नसलेल्या माडीला तेल, आणि मुलंबाळं, येणंजाणं असलेल्या खोलीला मॅट पीयूचे तीन पातळ हात. चकचकीत पीयू लावलेली सागाची जमीन टाइलसारखीच दिसू लागते, मग एवढी खटपट कशाला? प्रत्येक हातानंतर पूर्ण वाळू द्या, २२० च्या कागदाने हलकं घासा, पुसा, मग पुढचा. लिटरमागे दहा-बारा चौरस मीटर धरलं तर बारा बाय बाराच्या खोलीला एका हाताला सव्वा लिटरच्या आसपास माल लागतो. त्याच्या निम्म्यात भागवणारा थिनर ओततोय असं समजा.

एक धोका लोकांना माहीतच नसतो. जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप पेट घेऊ शकतं. काडी लागत नाही, विडी लागत नाही. तेल वाळताना उष्णता निर्माण होते. घडी घातलेल्या चिंध्यांत ती अडकते, वाढते आणि काही तासांत धूर निघतो. तेलाने माखलेल्या भुशाचंही तेच. लाकडी माडी, कोपऱ्यात भुशाचं पोतं आणि वर तेलकट चिंध्या, हे बरोबर त्याच घरात एकत्र येतं जिथे आपण जमीन वाचवायला निघालो आहोत. संध्याकाळी प्रत्येक चिंधी अंगणात सुटी पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवा. मिस्तरी गेल्यावर स्वतः फिरून बघा.

काम झाल्यावर पीयूवर दुसऱ्या दिवशी अनवाणी चालता येतं, पण तो पुरता कडक व्हायला आठवडाभर तरी जातो. तोवर सतरंजी अंथरू नका, कपाट ओढू नका. सामान आणताना उचलून आणा आणि पायांना नमद्याचे, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचे, तुकडे चिकटवा. रोज झाडणं पुरेसं. पुसायचं तर फडकं घट्ट पिळून, बादली ओतून नाही. फिनेल तर नकोच. आणि कौल गळत असेल तर ते आधी, या सगळ्याच्या आधी.